पास्काल (संगणक भाषा)

पास्काल : संगणकाकडून करवून घ्यावयाच्या कामाच्या पायऱ्या क्रमवार लिहून काढण्यासाठी वापरण्यात येणारी एक उच्चस्तरीय प्रक्रियात्मक भाषा. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) यांनी ती झुरिक येथील संघीय तंत्रविद्या संस्थेत तयार केली. तिचा पहिला भाषांतरक १९७० मध्ये कार्यान्वित झाला. बेरीज-वजाबाकी करणारे यांत्रिक गणकयंत्र बनविणारे फ्रेंच गणितज्ञ व तत्त्वज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांच्या नावावरून तिला हे नाव देण्यात आले. [→ संगणक].

प्रक्रियात्मक भाषांच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार पुढे येतो. भाषा रचताना काटकसर कशाची करावयाची, यंत्राच्या वेळेची व स्मृतीची, की आज्ञावली लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसाच्या बुद्धिश्रमाची? फोर्ट्रान, आल्गॉल व पास्काल ही या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे होत. पास्कालने तिसरीच काटकसर केली. तिने स्वतः भाषाच लहान ठेवली. त्यामुळे ज्यांच्याजवळ मोठे संगणक नव्हते व मोठा सेवकवर्गही नव्हता, अशा संशोधकांना ती संपूर्णपणे समजून घेता आली, आपल्या यंत्रावर आणता आली आणि आपल्या गरजेप्रमाणे वाढविताही आली. मुंबई येथे झालेले या भाषेच्या विस्ताराचे कार्य हे याचे एक लक्षणीय उदाहरण आहे.

प्रक्रियात्मक भाषेचे स्वरूप : संगणकाचा मध्यवर्ती भाग केवळ अंकरूप आज्ञा जाणतो. स्मृतीच्या अमुक स्थानातील संख्या आणा, तीत तमुक स्थानातील संख्या मिळवा, आलेले उत्तर आणखी एका स्थानात ठेवा, अशा स्वरूपाच्या या आज्ञा असून त्यांच्या समूहास यंत्रभाषा म्हणतात. प्रक्रियात्मक भाषेत स्थानांच्या क्रमांकांऐवजी नावे वापरता येतात. अशा नावांनी दर्शविलेल्या राशींना चल म्हणतात. चलाला मूल्य देणे, अट तपासून दोहोंपैकी एक मार्ग घेणे आणि एखादे काम ठरावीक वेळा किंवा अट पुरी होईपर्यंत पुनःपुन्हा करणे, ही या भाषांची मूलभूत साधने होत. वारंवार लागणारे काम एकदाच लिहून त्यास नाव देता येते व पुढे ते नाव घेताच ते काम पार पडते. अशा भागास प्रोसीजर किंवा कार्यपद्धती म्हणतात. पाककृतीत ‘नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी’ असे लिहिले म्हणजे फोडणीच्या पायऱ्या पुन्हा सांगाव्या लागत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर किंवा भाषांतरक करतो. भाषांतरक ही स्वतःदेखील एक आज्ञावलीच असते.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या संगणकांसाठी आज्ञावल्या यंत्रभाषेत किंवा तिच्याशी अगदी जवळच्या सांकेतिक रूपात लिहीत. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये सुरू झालेल्या एड्सॅक या संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांचे सहकारी यांनी वारंवार लागणाऱ्या गणनांच्या उपआज्ञावल्यांचा एक संग्रह तयार केला. मुख्य आज्ञावलीतून उपआज्ञावलीकडे जावयाचे आणि तिचे काम संपताच जेथून निघालो तेथे परत यावयाचे, ही व्हीलर यांनी योजलेली युक्ती पुढील सर्व प्रक्रियात्मक भाषांच्या मुळाशी आहे.

भारतातील पहिल्या पिढीच्या संगणकशास्त्रज्ञांनाही यंत्रभाषेचा अनुभव घ्यावा लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् (१९२६–२००७) यांच्या नेतृत्वाखालील गटाने बनविलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका असून त्याच्या चुंबकीय स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. इतक्या मर्यादित जागेत आज्ञा व आधारसामग्री या दोन्ही बसवावयाच्या असल्याने एकेका आज्ञेचा विचार करावा लागे. यंत्रभाषेतील लेखनात आणखी एक अडचण होती. मध्येच एखादी आज्ञा घातली की पुढील सर्व आज्ञांची स्थाने बदलत आणि त्या स्थानांचा जेथे जेथे उल्लेख असेल तेथे तेथे दुरुस्ती करणे भाग पडे. काम थोडे वाढले की चुका मात्र फार वाढत.

या अडचणीवर पहिला व्यापक उपाय फोर्ट्रान या भाषेने केला. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत जॉन बॅकस (१९२४–२००७) यांच्या गटाने तिचे काम १९५४ मध्ये हाती घेतले आणि १९५७ मध्ये ७०४ या संगणकासाठी तिचा भाषांतरक उपलब्ध केला. ‘सूत्रांचे भाषांतर’ असा तिच्या नावाचा अर्थ आहे. त्या वेळी संगणकाचा एकेक मिनिट महाग होता. भाषांतरकाने तयार केलेली आज्ञावली कुशल माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीइतकी वेगवान नसेल, तर ती कोणी वापरणार नाही, हे बॅकस यांनी ओळखले होते. त्यामुळे गटाचे बहुतेक श्रम भाषेच्या रचनेऐवजी भाषांतराची कार्यक्षमता वाढविण्यात खर्च झाले आणि भाषा कामाच्या ओघात आकार घेत गेली. स्वतंत्र उपआज्ञावल्या लिहिण्याची सोय १९५८ मधील दुसऱ्या आवृत्तीत आली.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचा ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला. देशातील इतर संस्थांच्या संशोधकांनाही तो वापरण्यास मिळे. छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यावर फोर्ट्रान आज्ञावली लिहून तो केंद्राकडे द्यावयाचा व छापील उत्तराची वाट पाहावयाची, ही त्या काळातील कामाची रीत होती. अल्पविरामाची चूक झाली तरी गठ्ठा दुरुस्त करून पुन्हा रांगेत ठेवावा लागे. म्हणून चूक यंत्राने लवकर दाखवून देणे हे केवळ सोयीचे नव्हे, तर वेळ व पैसा वाचविणारे होते. या बाबतीत फोर्ट्रान उदासीन होती. चल आधी घोषित करण्याचे बंधन तिच्यात नव्हते. नावाचे आद्याक्षर रोमन लिपीतील आय ते एन यांपैकी असले की तो चल पूर्णांकी मानला जाई. परिणामी एखाद्या नावात लेखनदोष झाला, तर भाषांतरक त्यास नवा चल समजून मुकाट्याने पुढे जाई व चुकीचे उत्तर छापून येई.

आल्गॉल : कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राशी बांधलेली नसलेली एक समाईक भाषा असावी, या हेतूने युरोपीय व अमेरिकन तज्ञांची बैठक १९५८ मध्ये झुरिक येथे भरली. तिच्यातून निघालेल्या भाषेची सुधारित रूपरेषा १९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे १३ तज्ञांनी निश्चित केली. ही भाषा ‘आल्गॉल ६०’ या नावाने ओळखली जाते. तिच्या अहवालाचे संपादन डॅनिश शास्त्रज्ञ पेटर नाउर (१९२८–२०१६) यांनी केले.

या अहवालात भाषेचे व्याकरण प्रथमच काटेकोर चिन्हपद्धतीने मांडलेले आढळते. ही पद्धती बॅकस यांनी योजली व नाउर यांनी सुधारली. तिच्यात प्रत्येक रचना इतर रचनांच्या साहाय्याने व्याख्यात करतात. उदा., ‘संख्या म्हणजे एक अंक, अथवा एखाद्या संख्येपुढे लिहिलेला एक अंक’ या एकाच नियमाने कितीही लांबीच्या संख्येचे वर्णन होते. पाणिनीने अष्टाध्यायीत अवलंबिलेली नियमांची मांडणी व ही पद्धती यांतील साम्य लक्षात घेऊन पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ असे नाव सुचविले. ते नाव सर्वमान्य झाले नाही व एक पद्धती दुसरीवरून निघाली असेही या साम्यावरून ठरत नाही. मात्र नियम थोडे, नेमके व एकमेकांवर आधारलेले असावेत, ही दोहोंमागील दृष्टी एकच आहे.

आल्गॉलने प्रारंभ आणि समाप्ती यांच्या खुणांनी बांधलेल्या खंडांची कल्पना रूढ केली. खंडात घोषित केलेले नाव त्या खंडापुरतेच अर्थपूर्ण असल्याने आज्ञावलीच्या दोन भागांतील समान नावांची गल्लत होत नाही. कार्यपद्धतीने स्वतःचेच साहाय्य घेण्याची, म्हणजे स्वावर्तनाची, मुभाही तिने दिली. परंतु आधारसामग्री आत घेण्याचे व उत्तरे बाहेर देण्याचे प्रमाणित मार्ग तिच्या अहवालात नव्हते. तिची काही वैशिष्ट्ये यंत्रावर उतरविणे अवघडही होते. अमेरिकेत फोर्ट्रानचा वापर आधीच पक्का झाला होता. त्यामुळे आल्गॉल विद्वानांत मान्य झाली, पण व्यवहारात मर्यादितच राहिली.

आज्ञालेखनातील संकट : संगणक जसजसे मोठे होत गेले, तसतशा आज्ञावल्याही लांबत गेल्या. त्या वेळेवर पूर्ण होत नसत आणि पूर्ण झाल्या तरी त्यांवर भरवसा ठेवता येत नसे. जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ मध्ये भरलेल्या परिषदेत या परिस्थितीची उघड चर्चा झाली. त्याच वर्षी डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांचे एक पत्र अमेरिकेतील व्यावसायिक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज्ञावलीतील कोठूनही कोठेही उडी घेण्यास लावणारी ‘अमुक ठिकाणी जा’ ही आज्ञा हानिकारक आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. अशा उड्या फार झाल्या म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा क्रम व प्रत्यक्ष घडणाऱ्या क्रियेचा क्रम यांचा मेळ वाचकाला लावता येत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. अनुक्रम, निवड व पुनरावृत्ती एवढ्या तीन रचनांनी कोणतीही गणना लिहिता येते, असे बोम व याकोपिनी यांनी १९६६ मध्येच सिद्ध केले होते. ह्या विचारांतून रचनाबद्ध आज्ञालेखनाचा संप्रदाय निर्माण झाला.

पास्कालची निर्मिती : आल्गॉलच्या उत्तराधिकारी भाषेसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीत व्हिर्ट हे सदस्य होते. इंग्रज शास्त्रज्ञ टोनी होअर यांच्यासह त्यांनी आल्गॉलमध्ये माफक सुधारणा सुचविणारा आराखडा मांडला. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे ‘आल्गॉल-डब्ल्यू’ या नावाने ओळखला गेला. समितीने मात्र अधिक महत्त्वाकांक्षी प्रस्ताव स्वीकारला. त्यातून सिद्ध झालेली ‘आल्गॉल ६८’ ही भाषा सामर्थ्यवान असली, तरी तिचे वर्णन इतके गहन होते की समितीतीलच काही सदस्यांनी वेगळे मतपत्र जोडले. डाइक्स्ट्रा व होअर हे त्यांत होते.

व्हिर्ट यांनी स्वतंत्रपणे काम करण्याचे ठरविले. त्यांच्यापुढे दोन उद्दिष्टे होती. आज्ञालेखन ही एक शिस्तबद्ध विद्या म्हणून शिकविण्यास योग्य अशी भाषा असावी आणि त्या काळच्या संगणकांवर तिचे भाषांतर विश्वसनीय व कार्यक्षम रीतीने व्हावे. भाषांतरक फोर्ट्रानमध्ये लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण पास्कालमधील आधारसामग्रीच्या रचना फोर्ट्रानमध्ये नीट मांडता येईनात. त्यानंतर भाषांतरक पास्कालमध्येच लिहिण्यात आला. त्याचे एकदा हाताने साध्या भाषेत रूपांतर करून तो यंत्रावर चढविण्यात आला. पुढे तो स्वतःचेच भाषांतर करू लागला. १९७० च्या मध्यास हे काम कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनच्या ६००० मालिकेतील संगणकावर पूर्ण झाले. भाषेची व्याख्या १९७१ मध्ये नियतकालिकात आली. कॅथलीन जेन्सन व व्हिर्ट यांची मार्गदर्शिका १९७४ मध्ये प्रकाशित झाली. भाषेत राखीव शब्द अवघे ३५ असून तिची संपूर्ण व्याख्या चाळीसहून कमी पृष्ठांत मावते. होअर व व्हिर्ट यांनी १९७३ मध्ये तिच्या बऱ्याचशा भागाची तर्कशास्त्रीय नियमांच्या रूपातही मांडणी केली.

भाषेची वैशिष्ट्ये : पास्कालचे मुख्य कार्य आधारसामग्रीच्या वर्गीकरणात आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रत्नागिरीजवळील भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. अशा एखाद्या केंद्रातील प्रत्येक माडाचा क्रमांक, जात, लागवडीचे वर्ष व वर्षभरात उतरविलेले नारळ यांची नोंद संगणकात ठेवावयाची आहे, असे समजू. जुन्या फोर्ट्रानमध्ये यासाठी चार वेगवेगळ्या याद्या कराव्या लागत. चारही याद्यांतील सातवी संख्या एकाच माडाविषयी आहे, हे ज्ञान केवळ आज्ञावली लिहिणाराच्या मनात असे. बाणवलीसाठी १, प्रतापसाठी २ व संकरितासाठी ३ असे आकडे जातींना दिले, तर चुकून त्या आकड्यांची बेरीज नारळांत मिळविली तरी भाषांतरक हरकत घेत नसे. पास्कालमध्ये हीच माहिती पुढीलप्रमाणे घोषित करता येते. येथे मूळ इंग्रजी शब्दांऐवजी मराठी शब्द योजले आहेत :

प्रकार
वाण = (बाणवली, प्रताप, संकरित);
माड = नोंद
क्रमांक : पूर्णांक;
जात : वाण;
लागवड : १९५५..२०००;
नारळ : पूर्णांक
समाप्त;

आता ‘माड’ ही एकसंध वस्तू झाली. ‘जात’ या चलाची मूल्ये तीनच असून त्यांची बेरीज करता येत नाही. तशी ती कोणी लिहिली, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच भाषांतरक ती नाकारतो. लागवडीचे वर्ष दिलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास तेही तपासता येते. अशा शंभर माडांची ‘बाग’ नावाची यादी केली असता एकूण उत्पन्न पुढील ओळींनी मिळते :

बेरीज := ०;
क्र := १ पासून १०० पर्यंत
बेरीज := बेरीज + बाग[क्र].नारळ;

यातील ‘:=’ हे चिन्ह आल्गॉलकडून आले. उजवीकडील मूल्य डावीकडील चलाला द्यावे, असा त्याचा अर्थ असून गणितातील समतेच्या चिन्हापासून ते मुद्दाम वेगळे ठेवले आहे. प्रत्येक चल आधी घोषित करणे अनिवार्य असल्याने लेखनदोषाने नवा चल निर्माण होण्याची शक्यता उरत नाही. यांखेरीज संच व दर्शक हे प्रकारही भाषेत आहेत. दर्शक म्हणजे दुसऱ्या नोंदीचे स्थान सांगणारे मूल्य. त्याच्या साहाय्याने एकमेकींत गुंतलेल्या नोंदींच्या साखळ्या व वंशवृक्षासारख्या रचना करता येतात. ‘अमुक ठिकाणी जा’ ही आज्ञा भाषेत ठेवली असली, तरी ती वापरण्याची गरज क्वचितच पडते. थोडक्यात, माणसाच्या मनात असलेले ज्ञान मजकुरात उतरविण्यास ही भाषा भाग पाडते आणि त्याच्या बदल्यात चुका शोधण्याचे काम यंत्रावर सोपविते.

प्रसार : निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांची यंत्रभाषा वेगळी असल्याने प्रत्येकासाठी नवा भाषांतरक लिहिणे हे मोठे काम असते. झुरिक येथील गटाने यावर एक उपाय काढला. पास्कालचे भाषांतर खऱ्या यंत्राच्या भाषेत न करता एका साध्या, काल्पनिक यंत्राच्या भाषेत करावयाचे. तिला पी-संकेत असे म्हणतात. ज्यास आपल्या संगणकावर पास्काल हवी असेल, त्याने पी-संकेतातील थोड्या आज्ञांचा अर्थ लावणारी लहानशी आज्ञावली तेवढी लिहावयाची. मूळ भाषांतरक पास्कालमध्येच लिहिलेला व पी-संकेतात रूपांतरित केलेला असल्याने तो आपोआप चालू लागतो. या भाषांतरकाच्या मार्गदर्शक टिपणांच्या लेखकांत केशव नोरी या भारतीय संगणकशास्त्रज्ञाचे नाव पहिले आहे. त्यांचे सहलेखक झुरिकच्या गटातील होते व ही टिपणे १९७४ पासून प्रसृत झाली. नोरी पुढे पुणे येथील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात कार्यरत होते. सैद्धांतिक संगणकशास्त्रावरील अखिल भारतीय वार्षिक परिषद १९८७ मध्ये पुण्यास भरली. तिच्या निबंधसंग्रहाचे संपादन त्यांनी केले.

पी-संकेतामुळे पास्काल विद्यापीठांतून झपाट्याने पसरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांनी ती सूक्ष्मसंगणकांवर आणली. १९८३ मध्ये बोर्लंड कंपनीने सु. ५० डॉलर किमतीत ‘टर्बो पास्काल’ विक्रीस आणल्यावर ती घरगुती संगणकांवरही पोहोचली. त्याच वर्षी तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. डॉनल्ड क्नुथ यांनी गणितीय मजकुराच्या जुळणीसाठी रचलेली ‘टेक’ ही प्रणाली १९८२ मध्ये नव्याने लिहिताना पास्कालचाच आधार घेतला.

मुंबईतील विस्तार : १९७० नंतरच्या दशकात भारतात मोठा संगणक आयात करणे खर्चाचे व शासकीय परवानगीच्या अधीन होते. आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवसाय बंद केला. एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून काम साधता येईल का, हा प्रश्न अशा वेळी केवळ तात्त्विक राहत नाही. परंतु एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांत नवीनच धोके असतात. एका खतावणीत दोन कारकुनांनी एकाच वेळी ४० ही शिल्लक वाचून, तीत प्रत्येकी १ मिळवून ती परत लिहिली, तर ४२ ऐवजी ४१ ही चुकीची शिल्लक राहते. असे दोष प्रत्येक वेळी प्रकट होत नसल्याने चाचणीने ते सापडतीलच असे नाही. ते होऊ न देण्याची तरतूद भाषेतच असणे हितावह ठरते. पेर ब्रिंक हान्सन यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये याच हेतूने ‘काँकरंट पास्काल’ ही भाषा मांडली होती.

मुंबईतील संशोधकांनी पास्कालच्या पायावर ‘सीसीएन पास्काल’ ही समांतर प्रक्रियांसाठी वापरावयाची भाषा सिद्ध केली. तिच्यातील समांतर आज्ञालेखनाविषयी के. टी. नारायण, व्ही. आर. प्रसाद व मथाई जोसेफ यांचा निबंध १९७९ मध्ये इंग्लंडमधून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जोसेफ, प्रसाद व एन. नटराजन यांचा बहुप्रक्रियक संगणकाच्या परिचालन प्रणालीवरील ग्रंथ १९८४ मध्ये प्रकाशित झाला. परिचालन प्रणाली म्हणजे यंत्राची स्मृती, वेळ व साधने यांची वाटणी करणारी मूळ आज्ञावली. ती बहुधा यंत्रभाषेच्या निकट असलेल्या रूपात लिहिली जाई. उच्चस्तरीय भाषेत ती लिहिता येते, एवढेच नव्हे तर इतरांनी वाचावी अशा रूपात ती प्रसिद्धही करता येते, हे या कार्याने दाखविले. जोसेफ यांनीही पुढे पुण्यातील वर उल्लेखिलेल्या केंद्राचे नेतृत्व केले.

टिफ्रॅक पूर्ण झाल्यापासून सीसीएन पास्कालपर्यंतचा काळ अवघा वीस वर्षांचा आहे. एवढ्या अवधीत मुंबईतील संशोधक दुसऱ्यांच्या भाषा वापरण्याकडून स्वतःची भाषा रचण्याकडे आले. याचे श्रेय त्यांच्या योग्यतेस आहेच, तथापि त्यांनी आधारभूत मानलेल्या भाषेच्या स्वरूपासही ते दिले पाहिजे. तिची व्याख्या छापून उपलब्ध होती व दोन-चार व्यक्तींना ती पूर्णपणे आकळण्याजोगी होती. भाषांतरकाचा मूळ मजकूरही मिळू शकत होता. या तीन गोष्टी नसत्या, तर नव्या सोयी कोठे व कशा घालाव्यात हे ठरविणेही कठीण गेले असते.

मर्यादा व उत्तरकाल : लहानपणाची किंमतही पास्कालला द्यावी लागली. यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग मानलेला असल्याने शंभर माडांची सरासरी काढणारी कार्यपद्धती दोनशे माडांच्या बागेस लागू पडत नसे. १९८३ च्या प्रमाणकात यावर तोड म्हणून वैकल्पिक तरतूद करण्यात आली. आज्ञावलीचे भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करून जोडण्याची सोय मूळ भाषेत नव्हती. शब्द व वाक्ये हाताळण्याची साधनेही अपुरी होती. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मधील एका निबंधात या उणिवांची परखड मीमांसा केली. त्या भरून काढण्यासाठी प्रत्येक विक्रेत्याने आपापली भर घातली. त्यामुळे एका यंत्रावरील आज्ञावली दुसरीकडे चालेनाशी झाली. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली सी ही भाषा यंत्राच्या अधिक जवळ होती. तिच्यात बंधने कमी व धोके अधिक होते, पण युनिक्स या परिचालन प्रणालीबरोबर ती सर्वत्र गेली व १९९० च्या सुमारास व्यवसायात तिने पास्कालला मागे टाकले. अमेरिकेतील शालान्त स्तरावरील संगणकशास्त्राच्या प्रगत परीक्षेत पास्काल १९८४ पासून १९९८ पर्यंत होती. त्यानंतर तिची जागा सी++ या भाषेने घेतली.

तथापि पास्कालचे संस्कार टिकून राहिले. अमेरिकन संरक्षण खात्यासाठी स्पर्धेतून निवडण्यात आलेल्या एडा भाषेचे अंतिम टप्प्यापूर्वीचे चारही आराखडे पास्कालवर आधारलेले होते. व्हिर्ट यांनी स्वतः मोड्युला-२ व ओबेरॉन या भाषांत स्वतंत्र भागांची सोय करून मूळ उणीव दूर केली. १९९५ मध्ये आलेली डेल्फी ही प्रणाली पास्कालच्या वस्तुनिष्ठ रूपावर उभारलेली आहे. काल्पनिक यंत्राच्या भाषेत भाषांतर करण्याचे पी-संकेताचे तत्त्व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेतही आढळते. [→ संगणक भाषा].

मूल्यमापन : एखाद्या भाषेचे यश तिच्या वापरकर्त्यांच्या संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. या मापाने फोर्ट्रान व सी यांचे आयुष्य अधिक यशस्वी ठरते. परंतु प्रक्रियात्मक भाषेचे दुसरे एक कार्य असते. एका माणसाचा विचार दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात मांडणे, हे ते कार्य होय. संगणकाचा वेग व स्मृती १९७० नंतर कित्येक पटींनी वाढली. आज्ञावली वाचणाऱ्याची आकलनशक्ती मात्र तेवढीच राहिली आहे. त्यामुळे काटकसर कशाची करावी या प्रश्नाचे पास्कालने दिलेले उत्तर, ती भाषा व्यवहारातून मागे पडल्यानंतरही, जुने झालेले नाही. संपूर्ण समजणारी लहान भाषा हाती असेल, तर साधनांची कमतरता असलेल्या ठिकाणीही नवी भर घालता येते, याची साक्ष मुंबईतील कार्य देते.